घराची याद

आमच्या पिढीच्या कोल्हापूरकर कुटुंबांत सध्यां एक प्रसंग वारंवार घडतांना दिसतो. पेठेंतील जुनें घर, त्यांत एकटे राहणारे वृद्ध वडील किंवा आई, पुण्यामुंबईस अथवा समुद्रापलीकडे गेलेलीं मुलें, आणि पन्नास-साठ वर्षांत माळ्यापासून तळघरापर्यंत सांचत गेलेल्या वस्तूंचा ढीग. एके दिवशीं वडिलांस जिना चढवत नाहींसा होतो, किंवा जुन्या घराच्या जागीं इमारत उठविणारा मनुष्य कागद पुढें करतो. आणि मग चार दिवसांची रजा काढून मुलें घर रिकामें करावयास जमतात. प्रसंग घरगुती खरा. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें त्याकडे घरगुती म्हणून दुर्लक्ष करूं नये असें आम्हांस वाटतें. महाराष्ट्राच्या इतिहासाचीं कितीतरी मोलाचीं साधनें अशाच माळ्यांवरून खालीं आलीं, आणि किती साधनें अशाच चार दिवसांत नाहींशीं झालीं ह्याची तर गणतीच नाहीं.

गेल्या वैशाखांत हा प्रसंग आमच्यावरच आला. त्यांत आमच्या हातून एक चूक घडली. ती सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों. पण तीस चूक कां म्हणावें हें समजण्यास थोडा इतिहास आधीं पाहिला पाहिजे.

मोडी कागदपत्रांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस 'याद' हा शब्द पदोपदीं भेटतो. जिन्नस मोजावयाचे असोत, देणीं-घेणीं मांडावयाचीं असोत, कीं वांटणीचा तंटा तोडावयाचा असो, कारकून कागदाच्या माथ्यावर 'याद' असें लिही आणि खालीं तपशील मांडीत जाई. शब्द मूळचा फारसी, आणि फारसींत त्याचा अर्थ आठवण. ज्या कागदावर भांडींकुंडीं मोजावयाचीं त्याच कागदास आठवण म्हणावें, ह्यांत आमच्या पूर्वजांनीं कांहीं काव्य योजिलें होतें असें नाहीं. व्यवहारांतच त्यांस तो शब्द सांपडला. पण विचार करूं लागलें असतां तो फार समर्पक वाटतो.

मराठी वाङ्मयांतील अशी सर्वांत थोर याद सभासदाच्या बखरींत आहे. कृष्णाजी अनंत सभासद ह्यानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जिंजीस शिवछत्रपतींचें चरित्र लिहिलें. महाराज १६८० मध्यें निवर्तले त्या वेळीं राज्यांत काय काय होतें, ह्याची सविस्तर मोजदाद ह्या बखरीच्या उत्तरभागांत आढळते. नाण्यांच्या जाती, धातु, कापड, मसाल्याचे जिन्नस, हत्ती, घोडे, किल्ले, असें सर्व कांहीं तो क्रमानें मांडतो. वाचणारे बहुधा हीं पानें उलटून पुढें जातात. आम्ही विद्यार्थ्यांस तेथेंच थांबावयास सांगत असूं. कारण सभासद हें लिहीत होता तेव्हां रायगड मोंगलांच्या ताब्यांत जाऊन कित्येक वर्षें लोटलीं होतीं. तो पाडाव १६८९ मधला. म्हणजे जो खजिना तो मोजीत होता त्यांतील फारच थोडें मराठ्यांच्या हातीं उरलें असेल. गेलेल्या घराची ती याद आहे. आणि हातचें गेलें होतें म्हणूनच, आपलें काय होतें हें लेखणीनें नोंदून ठेवण्याची निकड त्यास अधिक भासली असावी.

ही नोंदीची शिस्त पुढें पेशवाईंत सरदारांच्या वाड्यांतून आणि सावकारांच्या पेढ्यांवर रुजली. पण पेशवाई बुडाल्यावर वाड्यांबरोबर दप्तरेंहि निराधार झालीं. कागद राहिले, ते वाचणारे आणि त्यांचें प्रयोजन जाणणारे उरले नाहींत. अशा वेळीं जीं माणसें पुढें आलीं त्यांचें ऋण आम्हां इतिहासाच्या शिक्षकांवर कायमचें आहे. कोल्हापुरापासून पंधरा-सोळा कोसांवर मिरज. तेथील हायस्कुलांत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) ह्यांनीं पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील पत्रें वाचून, निवडून, 'ऐतिहासिक लेखसंग्रह' १८९७ पासून छापावयास आरंभ केला. शाळेची नोकरी सांभाळून आयुष्याच्या शेवटापर्यंत त्यांनीं हें काम चालविलें. त्याच सुमारास, १८९८ मध्यें, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड निघाला. पुढें ह्या मालेचे बावीस खंड झाले. ७ जुलै १९१० रोजीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें त्यांतहि राजवाडे अग्रणी होते. आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास त्यांचा अंत होईपर्यंत ह्या मनुष्याची गांवोगांव हिंडून दप्तरें धुंडाळण्याची हौस सरली नाहीं.

राजवाड्यांस दारोदार जें ऐकावें लागलें तें आजहि ऐकूं येतें. कोणी म्हणावें, कागद वाळवीनें खाल्ले. कोणी म्हणावें, गेल्या वर्षींच नदींत सोडले. कोणास भीति, कीं वतनाचा कागद परक्याच्या दृष्टीस पडला तर वतन जाईल. आणि कोणी सरळ सांगावें कीं वाण्यास दिले, त्यानें पुड्या बांधल्या. हा दोष आमच्याच लोकांचा आहे असें मात्र समजूं नये. इंग्रजी वाङ्मयांत चरित्रकार म्हणून ज्याचें नांव पहिलें घेतात त्या बॉस्वेलनें आपल्या टेंपल नांवाच्या मित्रास लिहिलेलीं पत्रें १८४० च्या सुमारास फ्रान्समधील बूलोन गांवीं एका दुकानांत सामान बांधावयास वापरलीं जात होतीं. एका इंग्रज गृहस्थानें विकत घेतलेल्या जिनसेच्या वेष्टनावर ओळखीची सही पाहिली, म्हणून ती वाचलीं; १८५७ मध्यें तीं छापून निघालीं. वाणी सगळीकडे सारखाच, आणि वाण्याला कागद विकणारे मुलगेहि सगळीकडे सारखेच.

कोल्हापुरापुरतें बोलावयाचें तर कागदांचे शत्रु येथें थोडे झाले नाहींत. १९४८ च्या आरंभीं जी जाळपोळ झाली तींत घरें भस्म झालीं, भालजी पेंढारकरांचा स्टुडिओहि पेटला. पंचगंगेचा पूर २००५, २०१९ आणि २०२१ ह्या तीन वर्षीं वस्तींत शिरला, आणि तळमजल्यावरील पेट्यांतून कागदांचा लगदा बाहेर काढावा लागला. अशा प्रसंगीं आम्ही अग्नीस आणि जलास दोष देतों. पण आमचें आतां असें मत झालें आहे कीं घरांतील कागदांचा सर्वांत मोठा शत्रु म्हणजे घाईंत असलेला, सुशिक्षित, कर्तव्यदक्ष मुलगा होय.

आमचे वडील, अण्णा, सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. ते शिक्षक होते. आई जाऊन नऊ वर्षें झालीं. त्यांचें घर पंचगंगेच्या अंगाच्या एका जुन्या पेठेंत, दोन मजल्यांचें, लांकडी जिन्याचें. अण्णांनीं जन्मभर कांहींहि टाकलें नाहीं. माजघरांत तांब्याचा बंब, घंगाळें, उतरंडीच्या उतरंडी; माळ्यावर जातें, तीन कंदील, बंद पडलेलीं सात घड्याळें, डालड्याचे रिकामे डबे. त्या डब्यांत निरनिराळ्या मापांचे खिळे, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. भिंतीला तारेचे आंकडे, त्यांत ओंवलेलीं पोस्टकार्डें. चाळीस वर्षांचीं पंचांगें. खासबाग मैदानांतील कुस्त्यांचीं पत्रकें. १९३२ मध्यें प्रभात कंपनीनें ह्याच गांवीं काढलेल्या 'अयोध्येचा राजा' ह्या बोलपटाचें एक जाहिरातपत्रक, तें आजोबांनीं जपलेलें. आणि अगदीं वरच्या फळीवर, तांबड्या रुमालांत बांधलेले मोडी कागद.

धाकटे बंधु पुण्याहून आले, भगिनी सांगलीहून आली. अण्णांना आमच्या बिऱ्हाडीं नेऊन ठेवलें, म्हणजे त्यांना धुळीचा त्रास होऊं नये. खरें कारण निराळें होतें: ते समोर असते तर कांहींच टाकतां आलें नसतें, हें आम्हां तिघांस ठाऊक होतें. बंधूंनीं कामाची वांटणी केली. भांडीं आणि कपडे भगिनीकडे, लांकूड-लोखंड त्यांच्याकडे, आणि कागद आमच्याकडे. कारण तीस वर्षें आम्ही इतिहास शिकवीत आलों. कोणता कागद महत्त्वाचा हें आमच्यापेक्षां अधिक कोणास कळणार?

मोडीचा रुमाल आम्हीं दोन्ही हातांनीं उतरविला. पत्रकें, जाहिराती, पंचांगें बाजूस ठेविलीं. उरलेल्या ढिगांत शाळेच्या वह्या होत्या, छापील फॉर्म होते, जुनीं मासिकें होतीं, आणि दोरीनें बांधलेला दुरेघी वह्यांचा एक गठ्ठा होता. वरची वही उघडली. दूध, भाजी, पिठाची गिरणी, फी, असे शब्द दिसले. आईचा हिशेब. दुपारचे दोन वाजले होते, रद्दीवाला दारांत तराजू घेऊन उभा होता. गठ्ठा दिला. ताजव्यांत तो पडतांना कांहीं वाटल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं रात्रीं जेवतांना अण्णांनीं विचारलें, "तिच्या वह्या कोणत्या खोक्यांत आहेत?"

आम्ही कांहीं बोललों नाहीं. बंधूंनीं खालीं पाहिलें. अण्णांस काय तें कळलें. ते रागावले नाहींत. थोड्या वेळानें एवढेंच म्हणाले, "मागच्या पानांवर तुम्हां तिघांचीं वजनें लिहिलेलीं होतीं. दर वाढदिवसाला गिरणींत नेऊन करीत असे."

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच आम्ही त्या रद्दीवाल्याकडे गेलों. मनुष्य भला होता. त्यानें सारें दुकान धुंडाळूं दिलें. बहुतेक माल आदल्या दिवशींच गेला होता. आईच्या वह्या १९६१ पासून २००२ पर्यंतच्या, वर्षास एक ह्या हिशेबानें बेचाळीस. त्यांपैकीं चार मिळाल्या. एक १९६७ सालची. त्या वर्षीं ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्या तारखेखालीं आईनें लिहिलें होतें कीं सर्वजण अंगणांत बसलों, शेजारच्या दोन घरांना चहा केला, आणि पुढें चहापत्तीचे पैसे. १९७२ ची वही मात्र मिळाली नाहीं. दुष्काळाच्या त्या वर्षीं, रेशनवर मिलो मिळत असतां, एका शिक्षकाच्या पगारांत पांच माणसें कशीं जेवलीं हें त्या वहींत रोजच्या रोज लिहिलेलें असणार. तें आतां कोणास कळावयाचें नाहीं.

तांबडा रुमाल मागाहून सोडला. त्यांत कर्जरोखे निघाले, सारा भरल्याच्या पावत्या निघाल्या, आणि एका विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून झालेल्या भांडणाचे कागद. तेहि टाकाऊ नव्हेत. पण अशा प्रकारचे कागद दप्तरखान्यांत शेंकड्यांनीं आहेत. एका मध्यमवर्गीय गृहिणीचा बेचाळीस वर्षांचा अखंड हिशेब आम्हीं तरी कोणत्या दप्तरांत पाहिलेला नाहीं. ज्या लिपीला आम्ही साधन म्हणावयास शिकलों होतों तीच आम्हीं वांचविली. जी लिपि रोज आमच्या डोळ्यांसमोर होती ती रद्दींत घातली. मोडी मोडींत जाऊं नये म्हणून वर्षानुवर्षें व्याख्यानें देणाऱ्या मनुष्याच्या हातून हें झालें.

असें कां झालें, ह्याचा विचार केला असतां दोष आमच्या विद्येंतच आढळतो. साधन म्हणजे राजाचें, सरदाराचें, निदान वतनदाराचें, ही समजूत आम्हीं पुस्तकांतून उचलली. वास्तविक खुद्द कोल्हापुरांतच तिचें खंडन करणारा पुरावा टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत मांडलेला आहे. नदीकांठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४४-४५ मध्यें राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदणगार ह्यांनीं, आणि १९४५-४६ मध्यें डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित ह्यांनीं उत्खनन केलें. सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष तेथें मिळाले. त्याच टेकाडावर कांशाच्या वस्तूंचा एक मोठा सांठा एकत्र सांपडला. त्यांत पोसायडन ह्या ग्रीक समुद्रदेवतेची वीतभरहि उंची नसलेली मूर्ति आहे, रोमन घडणीचीं भांडीं आहेत, आणि त्यांच्याच शेजारीं देशी कारागिराचा, माणसें पाठीवर बसलेला हत्ती आहे. हा सांठा ज्याचा, त्याचें नांव इतिहासास ठाऊक नाहीं. तो राजा असावा असें मानण्यास कारण नाहीं. कोणी व्यापारी असेल, कोणी कांसारहि असेल. सुमारें अठराशें-दोन हजार वर्षांपूर्वीं ह्या गांवांत कोणीतरी देशोदेशींच्या वस्तु घरांत जमविल्या, आणि त्याच्या मुलांस त्या मोडींत घालतां आल्या नाहींत, एवढ्यावरून आज आपण रोमशीं करवीरचें नातें सांगतों.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ह्यांनीं हेंच मर्म ओळखलें होतें. 'अज्ञातवासी' ह्या नांवानें कविता लिहिणारा हा चष्म्याचा व्यापारी १९२० च्या सुमारापासून दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, दौती, कुलुपें असल्या वस्तु गोळा करीत गेला. अल्पवयांत गेलेल्या राजा नांवाच्या मुलाचें स्मारक म्हणून त्यांनीं संग्रहालय उभारलें, आणि पुढें तो सर्व संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. हे अडकित्ते कोठून आले? कोणाच्या तरी आईच्या पानाच्या डब्यांतून आले. केळकर पोंचण्यापूर्वीं तो डबा तांबटाकडे गेला असता तर तेथें जाऊन आपण काय पाहिलें असतें?

ह्यावर वाचक म्हणतील कीं मग कांहींच टाकावयाचें नाहीं काय? दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत सात बंद घड्याळें आणि जातें कोठें मांडावें? आक्षेप रास्त आहे. सर्वच ठेवणें हाहि एक प्रकारचा आळसच. निवड करण्याचें दुःख पुढच्या पिढीवर ढकलण्याची ती युक्ति होय. आमचे अण्णाहि त्या दोषापासून मुक्त नव्हते, आणि तें त्यांनीं मागाहून स्वतः कबूल केलें. प्रश्न ठेवण्याचा नाहींच. टाकण्यापूर्वीं विचारण्याचा आणि लिहून घेण्याचा आहे.

म्हणून उरलेलें काम आम्हीं नव्या रीतीनें केलें. बंधूंनीं रजा वाढविली. अण्णांना परत त्यांच्या घरीं आणून खालच्या सोप्यावर आरामखुर्चींत बसविलें, आणि एकेक वस्तु त्यांच्यापुढें ठेविली. त्यांनीं सांगावें, आम्हीं लिहावें: जिन्नस काय, कोणाकडून आला, केव्हां, आणि आतां कोणास द्यावा. नोंद झाल्याशिवाय कोणतीहि वस्तु उंबऱ्याबाहेर न्यावयाची नाहीं, हा नियम. सहा संध्याकाळीं हें चाललें. पहिल्या दिवशीं प्रत्येक वस्तूला अण्णांचें उत्तर एकच, "असूं दे." तिसऱ्या दिवसापासून फरक पडूं लागला. घंगाळ आत्याच्या लग्नांतलें, त्या लग्नांत पाऊस कसा पडला, वऱ्हाड बैलगाड्यांनीं कसें भिजत आलें, हें सर्व सांगून झाल्यावर ते आपण होऊनच म्हणाले, "हें आत्याच्या नातीला द्या. तिच्याकडे जागा आहे." घड्याळें मोजून झाल्यावर म्हणाले, "टाका आतां हीं." वस्तूंबरोबर धरून ठेवलेली हकीकत कागदावर उतरली कीं त्यांची मूठ सैल होत होती. इतक्या वर्षांत त्यांस कोणी विचारलेंच नव्हतें.

ज्या वाचकांवर हा प्रसंग यावयाचा आहे त्यांस आमची विनंति आहे कीं हें काम आईवडील बोलते असतांनाच करावें. हस्ताक्षर असलेला कागद, मग तो वाण्याचा हिशेब कां असेना, सर्वांत शेवटीं टाकावा. छायाचित्रांच्या मागें पेन्सिलीनें नांवें लिहून घ्यावीं; तीं माणसें ओळखणारा एकच मनुष्य घरांत उरलेला असतो. जें ठेवणें शक्य नाहीं त्याचें निदान चित्र घ्यावें. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत त्याचें साधन आहे. मोडी कागद असतील तर ते आपणांस वाचतां येत नाहींत म्हणून निरुपयोगी ठरवूं नयेत. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, कोल्हापुरांत शिवाजी विद्यापीठ आहे, शासनाचें पुरालेखागार आहे; तेथील जाणत्यांस आधीं दाखवावेत. आणि इतिहासाच्या प्राध्यापकास, तो घरचाच असला तरी, कागदांच्या ढिगापाशीं एकटा सोडूं नये.

सहाव्या संध्याकाळीं तीनशें चाळीस कलमें झालीं. आम्हीं वही मिटूं लागलों तेव्हां अण्णा म्हणाले, "एक राहिलें. तिच्या वह्या लिही."

आम्ही म्हणालों, "चार आहेत, अण्णा. त्या लिहिल्या आहेत."

"बेचाळीस लिही. पुढें लिही, अडतीस रद्दींत गेल्या. कोणी दिल्या तेंहि लिही."

त्याप्रमाणें लिहिलें. तीनशें एकेचाळिसावें कलम आमच्या नांवानें आहे. यादीच्या तीन प्रती काढून तिघां भावंडांनीं वांटून घेतल्या. अण्णांनीं चष्मा लावून शेवटची नोंद एकदां वाचली, खालीं सही केली, आणि घराची किल्ली टेबलावर ठेविली.